प्राथमिक आरोग्य केंद्राचा अबंधित निधी : नव्याने रुजू झालेल्यांसाठी मार्गदर्शन

ग्रामीण महाराष्ट्रातील प्राथमिक आरोग्य केंद्राकडे येणारा बहुतेक पैसा कोणत्या ना कोणत्या शीर्षाला बांधलेला असतो. प्रसूत मातेच्या आहाराचा पैसा आहारावर, आशांच्या मोबदल्याचा पैसा मोबदल्यावर आणि लसवाहतुकीचा पैसा वाहतुकीवरच खर्च होतो, आणि तो तसाच व्हायला हवा. मात्र प्रसूतिकक्षातला नळ गळू लागला, शीतसाखळीच्या, म्हणजे लसी थंड ठेवण्याच्या, खोलीतला स्टॅबिलायझर जळाला किंवा पावसाळ्याच्या तोंडावर वऱ्हांड्याचे चार पत्रे उडाले, तर यांतले एकही शीर्ष कामाला येत नाही. अशा वेळी केंद्राने मागणी पाठवावी, जिल्ह्याने ती सवडीने मंजूर करावी आणि तोवर रुग्णांनी निभावून न्यावे, हा प्रकार टाळण्यासाठी अबंधित निधीची, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या अनटाइड फंडाची, सोय करण्यात आली आहे.

नव्याने रुजू झालेले वैद्यकीय अधिकारी आणि समुदाय आरोग्य अधिकारी, तसेच या खर्चाचे निर्णय घेणाऱ्या रुग्ण कल्याण समितीवर पहिल्यांदाच आलेले लोकप्रतिनिधी आणि ग्रामस्थ यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. या निधीच्या गैरवापराची चर्चा अधिक होते. माझ्या मते त्याहून मोठे नुकसान तो वेळेवर न वापरल्याने होते. नवा अधिकारी लेखापरीक्षणाच्या धास्तीने वर्षभर हात आखडता घेतो आणि मार्चमध्ये घाईघाईने नको त्या वस्तू घेऊन मोकळा होतो. पुढील सर्व पायऱ्या हे टाळण्यासाठीच आहेत.

पहिली पायरी : कोणता पैसा कोणत्या वाटेने येतो, हे समजून घ्या

१२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि त्यासोबत आरोग्य संस्थांना थेट वापरता येईल असा निधी देण्याची पद्धत आली. सुरुवातीच्या रचनेत प्राथमिक आरोग्य केंद्राला दरवर्षी २५,००० रुपये अबंधित निधी, ५०,००० रुपये वार्षिक देखभाल अनुदान आणि रुग्ण कल्याण समितीसाठी १,००,००० रुपये अशा तीन वेगळ्या रकमा मिळत. पुढे या तिन्ही एकत्र करण्यात आल्या, म्हणून आजही केंद्राच्या निधीचा उल्लेख १,७५,००० रुपये असा काहीशा विचित्र आकड्याने होतो. उपकेंद्राला अबंधित निधीचे १०,००० आणि देखभालीचे १०,००० मिळून २०,००० रुपये मिळत. आरोग्यवर्धिनी केंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, रूपांतर झालेल्या उपकेंद्रासाठी हे प्रमाण ५०,००० रुपये करण्यात आले. गावपातळीवरील ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीसाठी वर्षाला १०,००० रुपयांचे प्रमाण आहे.

हे आकडे म्हणजे हक्काने हातात पडणारी रक्कम नव्हे. रुग्णसंख्या आणि मागील वर्षीचा खर्च पाहून राज्य व जिल्हा पातळीवर ही रक्कम कमी-जास्त करता येते. ज्या केंद्राने गेल्या वर्षी निम्माच निधी वापरला, त्याच्या वाट्याला यंदा कमी आला तर तक्रारीला फारशी जागा उरत नाही. म्हणून रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तालुका आरोग्य अधिकारी कार्यालयातून चालू वर्षाचे निधी वितरणाचे पत्र मागून घ्यावे आणि त्यात आपल्या केंद्रासमोर व प्रत्येक उपकेंद्रासमोर नेमका कोणता आकडा आहे, हे पाहावे.

समितीच्या खात्यात आणखी काही वाटांनी पैसा येऊ शकतो. देणगी ही त्यातली एक वाट आहे. कायाकल्प या आरोग्य संस्थांच्या स्वच्छतेसाठीच्या योजनेतील पुरस्कार ही दुसरी; २०१५ पासून चालू असलेल्या या योजनेत मूल्यांकनात ७० टक्क्यांहून अधिक गुण मिळवणाऱ्या संस्थांना पुरस्कार मिळतो आणि त्यातील मोठा हिस्सा संस्थेच्या सुधारणेवरच खर्च करायचा असतो. पूर्वी केसपेपर आणि तपासण्यांच्या शुल्काचा पैसाही समितीकडे जमा होई. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील सेवा निःशुल्क झाल्याने तो ओघ थांबला आहे. जुन्या रोकडवहीत शुल्काच्या नोंदी दिसल्या तर गोंधळून जाऊ नये, आणि आता कोणत्याही नावाने रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत.

आदिवासी भागात काम करणाऱ्यांनी आणखी एका पैशाची माहिती ठेवावी. २०१५ पासून महाराष्ट्रात आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के इतका अबंध निधी पेसा क्षेत्रातील (आदिवासी भागातील ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या भागातील) ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि आरोग्य, स्वच्छता व शिक्षण हा त्याच्या वापराच्या विषयांपैकी एक आहे. हा पैसा आरोग्य केंद्राचा नाही आणि त्याचा निर्णय ग्रामसभा घेते. मात्र उपकेंद्राकडे जाणारी वाट, पाण्याची टाकी किंवा कुंपण यांसारखे काम ग्रामसभेसमोर मांडण्याचा मार्ग त्यामुळे खुला असतो. पावणेदोन लाखांत न बसणारे काम तिकडे नेणे हेच शहाणपणाचे.

दुसरी पायरी : समिती कागदावर आहे की चालू आहे, ते तपासा

रुग्ण कल्याण समितीची कल्पना १९९०च्या दशकाच्या मध्यास इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात आकाराला आली आणि पुढे अभियानाने ती देशभर नेली. सरकारी रुग्णालयाच्या कारभारात डॉक्टरांबरोबर लोकप्रतिनिधी आणि ग्रामस्थ बसावेत आणि लहानसहान निर्णय तिथल्या तिथे व्हावेत, हा तिचा गाभा आहे. आरोग्यवर्धिनी केंद्रांसाठी नंतर जन आरोग्य समितीची रचना आली. तिच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्राथमिक आरोग्य केंद्र स्तरावर त्या भागाचे जिल्हा परिषद सदस्य अध्यक्ष आणि केंद्राचे वैद्यकीय अधिकारी सदस्य सचिव असतात. उपकेंद्र स्तरावर सरपंच अध्यक्ष आणि समुदाय आरोग्य अधिकारी सदस्य सचिव असतात.

सदस्य सचिव म्हणून रुजू होताच ठराव-वही, समितीची नियमावली, नोंदणी झालेली असल्यास तिचे प्रमाणपत्र आणि बँकेचे स्वाक्षरीपत्रक या चार गोष्टी समोर मांडून बसावे. शेवटची बैठक केव्हा झाली, तिच्या इतिवृत्तावर अध्यक्षांची स्वाक्षरी आहे का, आणि बँकेत ज्यांच्या स्वाक्षऱ्या नोंदवलेल्या आहेत ते अधिकारी आज या पदावर आहेत का, एवढे पाहिले तरी केंद्राची प्रकृती कळते. बदलून गेलेल्या अधिकाऱ्याचे नाव खात्यावर तसेच राहिले असेल तर देयक अडकते, आणि हे बहुधा ऐन निकडीच्या दिवशी लक्षात येते.

जिल्हा परिषदेची मुदत संपून प्रशासक नेमलेले असतील, तर अध्यक्षपदी कोण, असा प्रश्न उभा राहतो. २०२२ नंतर राज्यातील अनेक जिल्हा परिषदांत हेच घडले. अशा वेळी तोंडी सूचनेवर विसंबू नये; अध्यक्षपदाबाबत जिल्हा आरोग्य अधिकारी कार्यालयाकडून लेखी आदेश घ्यावा आणि तो ठराव-वहीत चिकटवून ठेवावा. निवडणुकीची आचारसंहिता लागणार असल्याचा अंदाज आला, तर आवश्यक ठराव आधीच करून घ्यावेत.

बैठकीला कार्यसूची हवी, ती सदस्यांना आधी मिळायला हवी आणि मागील बैठकीनंतर झालेला प्रत्येक खर्च वाचून दाखवायला हवा. समितीवरच्या महिला सदस्या आणि आशा बहुतेक वेळा गप्प बसतात, त्यामुळे अध्यक्षांनी किंवा सचिवांनी त्यांना नाव घेऊन विचारावे. प्रसूतीसाठी आलेल्या बाईसोबतची माणसे रात्री कुठे झोपतात, शौचालयाच्या दाराला आतून कडी आहे की नाही, हे वैद्यकीय अधिकाऱ्याला सहसा माहीत नसते आणि आशाताईला नेमके माहीत असते.

वर्षाच्या पहिल्या बैठकीत एक ठराव आवर्जून करून घ्यावा. नियमावलीत ठरलेल्या मर्यादेपर्यंत तातडीचा किरकोळ खर्च वैद्यकीय अधिकारी करतील आणि पुढच्या बैठकीत त्याला कार्योत्तर मान्यता घेतली जाईल, असा तो ठराव असावा. हा नसेल तर बल्ब बदलायलाही बैठकीची वाट पाहावी लागते, किंवा अधिकारी खिशातून पैसे घालतो आणि मग ते परत मिळवण्यासाठी कागद रंगवतो. दोन्ही गोष्टी वाईट आहेत.

तिसरी पायरी : केंद्रातून रुग्णाच्या वाटेने फिरा

खर्चाचा आराखडा टेबलावर बसून करू नये. बाह्यरुग्ण विभाग सुरू होण्याच्या वेळी फाटकापासून सुरुवात करावी आणि रुग्ण जिथे जिथे थांबतो तिथे तिथे थांबावे. केसपेपरच्या खिडकीसमोर ऊन लागते का, वयस्कर माणसाला बसायला बाक आहे का, पिण्याच्या पाण्याच्या टाकीला तोटी आहे का, तपासणीच्या खोलीत पडदा आहे का, पट्टी बांधण्याच्या खोलीत उजेड पुरेसा आहे का, औषध देण्याच्या खिडकीची उंची रुग्णाला सोयीची आहे का, या गोष्टी वहीत टिपाव्यात. हीच फेरी एकदा रात्रीही मारावी. वाटेवरचा दिवा बंद असणे आणि शौचालयात पाणी नसणे हे दिवसा दिसत नाही.

दोन खोल्यांना मात्र जास्त वेळ द्यावा. पहिली प्रसूतिकक्षाची. तिथे टेबलावरचे रेक्झिन फाटलेले आहे का, नवजात बाळाचा वजनकाटा बरोबर चालतो का, पायरीचा स्टूल आहे का, हात धुण्याच्या बेसिनला कोपराने उघडता येणारा नळ आहे का आणि रात्री वीज गेल्यावर उजेड कशाने पडतो, हे पाहावे. दुसरी शीतसाखळीची खोली. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहावी लागते आणि तापमानाची नोंद दिवसातून दोनदा घ्यावी लागते. त्या नोंदींत विशिष्ट दिवशी तापमान चढलेले दिसत असेल तर भारनियमन, स्टॅबिलायझर, जोडणी यांपैकी दोष कुठे आहे, हे शोधून काढावे. काही रुपयांचे सैल झालेले वीजजोड कितीतरी किमतीची लस वाया घालवू शकते.

कायाकल्पचे किंवा राष्ट्रीय गुणवत्ता मानकांचे मूल्यांकन आधी झालेले असल्यास त्यातील त्रुटींची यादी तयारच मिळते. ती वापरावी, पण तिच्या आहारी जाऊ नये. मूल्यांकनात गुण मिळवून देणारा सूचनाफलक आणि रुग्णाला लागणारी शौचालयाची कडी यांत निवड करायची वेळ आली तर कडी आधी बसवावी. उपकेंद्रांचीही अशीच फेरी मारावी. केंद्राच्या निधीचा विचार करताना उपकेंद्रे हमखास मागे पडतात.

यादी तयार झाली की तिचे तीन भाग करावेत : रुग्णाच्या किंवा कर्मचाऱ्याच्या जिवाला धोका पोहोचवणारे दोष, सेवा बंद पडण्यास कारण ठरणारे दोष, आणि गैरसोयीचे दोष. निधी याच क्रमाने वापरावा. स्वच्छतेचे सामान आणि किरकोळ दुरुस्ती यांसाठी दर महिन्याला लागणारी रक्कम आधी बाजूला काढावी आणि पावसाळ्यातील आकस्मिक गरजेसाठी काही हिस्सा राखून ठेवावा. उरलेल्या रकमेतून नियोजित कामे धरावीत.

चौथी पायरी : काय बसते आणि काय बसत नाही

अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांनी दिलेली यादी साधी आहे. पडदे, नळ, दिवे आणि इमारतीची किरकोळ दुरुस्ती. पाणी व विजेची सोय. तपासणी टेबल, रक्तदाबमापक, वजनकाटे, ट्रे, स्टेथोस्कोप, मॅकिन्टॉश (खाटेवर घालायचे रबरी कापड) यांसारखी लहान उपकरणे. बँडेज व तत्सम सामग्री. प्रसूतीनंतरच्या साफसफाईसाठी तात्पुरती मजुरी. तातडीच्या रुग्णाला वरच्या रुग्णालयात नेण्याचा खर्च. साथीच्या वेळी नमुने पोहोचवण्याचा खर्च. ब्लीचिंग पावडर व जंतुनाशके. साचलेले पाणी काढणे, डासांच्या अळ्या नष्ट करणे, शोषखड्डा दुरुस्त करणे. आशांना ठरावीक कामांसाठी मोबदला, असे त्याचे स्वरूप आहे.

पगार, वाहनखरेदी, आवर्ती स्वरूपाचे खर्च आणि ग्रामपंचायतीने करावयाचे खर्च यांसाठी हा पैसा नाही. तसेच ज्या कामाला स्वतंत्र शीर्ष आहे त्यावरही तो वापरू नये. प्रसूत मातेचा आहार, औषधे, तपासण्या आणि वाहतूक यांची तरतूद २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे. त्याचा निधी उशिरा आला म्हणून अबंधित निधीतून परस्पर भागवले आणि समायोजनाची नोंद ठेवली नाही, तर पुढे हिशेब जुळवताना नाकी नऊ येतात. १०८ किंवा १०२ क्रमांकाच्या वाहनाची सोय असताना खासगी गाडी केली, तर ते वाहन का मिळाले नाही याची वेळेसह नोंद प्रमाणकाला (व्हाउचरला) जोडावी. वाहन वेळेवर मिळाले नाही आणि रुग्णाची स्थिती थांबण्यासारखी नव्हती, तर गाडी करायला कचरू नये. त्यासाठीच हा पैसा आहे.

औषधखरेदीबाबत वाद नेहमी होतात. नियमित औषधपुरवठा ही शासनाची जबाबदारी आहे आणि ती अबंधित निधीवर ढकलणे योग्य नाही. तरीही एखादे अत्यावश्यक औषध संपले आणि पुरवठा अडला, तर साठा शून्य असल्याचा औषध निर्माण अधिकाऱ्याचा दाखला, तालुक्याकडे केलेल्या मागणीची प्रत आणि जवळच्या केंद्राकडे विचारणा केल्याची नोंद या तीन कागदांसह थोड्या दिवसांपुरती खरेदी करावी. महिनोन्महिन्यांचा साठा या निधीतून भरून ठेवू नये.

मर्यादेच्या काठावरचेही काही खर्च असतात. वैद्यकीय अधिकाऱ्याच्या दालनातील सोफा, दर्शनी भागातील मोठा टीव्ही किंवा कार्यक्रमाचा मंडप यांना कोणत्या ना कोणत्या नियमाचा आधार शोधून काढता येतो. मला विचाराल तर अशा खर्चासमोर एकच प्रश्न लिहावा : याने रुग्णाला काय मिळाले? उत्तर एका वाक्यात लिहिता येत नसेल तर तो खर्च करू नये.

पाचवी पायरी : एका नळाची फाईल

पद्धत कळण्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत पाहू. प्रसूतिकक्षातील बेसिनचा नळ गळतो आहे आणि तिथे कोपराने उघडणारा नळ बसवायचा आहे. सर्वप्रथम प्रसूतिकक्षाच्या परिचारिकेने किंवा आरोग्य सेविकेने गरज लेखी कळवावी. चार ओळी पुरतात : कोणत्या खोलीत, काय बिघडले, केव्हापासून, आणि त्यामुळे कोणते काम अडते. त्या कागदावर वैद्यकीय अधिकाऱ्याने पाहणी करून शेरा द्यावा. मोबाइलवर काढलेला नळाचा फोटो छापून सोबत लावला तर उत्तम.

खर्च तातडीच्या मर्यादेत बसत असेल तर थेट पुढे जावे. अन्यथा समितीचा ठराव घ्यावा. ठराव मोघम नसावा. ‘केंद्राच्या दुरुस्तीस मान्यता देण्यात आली’ असे वाक्य लेखापरीक्षकाच्या हाती दिलेले आयते कोलीत असते. ‘प्रसूतिकक्षातील हात धुण्याच्या बेसिनला कोपराने उघडणारा नळ बसवणे व गळती दुरुस्त करणे, यासाठी अमुक रुपयांपर्यंतच्या खर्चास मान्यता’ असे नेमके लिहावे. सूचक आणि अनुमोदक यांची नावेही घालावीत.

त्यानंतर दरपत्रके. दरपत्रकांशिवाय किती रकमेपर्यंत खरेदी करता येते, कितीच्या पुढे तीन दरपत्रके लागतात आणि कोणती खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरूनच करायची असते, याच्या मर्यादा शासन वेळोवेळी बदलते. म्हणून चालू परिपत्रकाची प्रत खरेदीच्या फाईलच्या पहिल्या पानावरच लावून ठेवावी. तीन दरपत्रके मागवली असतील तर ती खरोखर तीन वेगवेगळ्या दुकानांची असावीत. एकाच हस्ताक्षरातली, एकाच दिवसाची आणि शंभर-शंभर रुपयांच्या फरकाची दरपत्रके कोणालाही फसवत नाहीत. मर्यादेखाली राहण्यासाठी एकाच कामाचे तुकडे पाडणे हाही आक्षेपाचा हमखास विषय आहे.

तुलनात्मक तक्ता, त्यावर खरेदी उपसमितीच्या स्वाक्षऱ्या आणि मग पुरवठा आदेश, हा क्रम मोडू नये. आदेशाच्या आधीच्या तारखेचे देयक फाईलला लागले की सगळी फाईल संशयास्पद होते, मग काम कितीही चांगले झालेले असो. नळ बसल्यावर परिचारिकेने तो वापरून पाहावा आणि काम समाधानकारक झाल्याचा दाखला द्यावा. तो दाखला लिपिकाने नव्हे, तर नळ रोज वापरणाऱ्या व्यक्तीने द्यावा, असा माझा आग्रह आहे. जुना नळ भंगार म्हणून नोंदवावा. नव्या वस्तूची नोंद तिच्या स्वरूपानुसार साठा नोंदवहीत किंवा जडवस्तू संग्रह (डेड स्टॉक) नोंदवहीत करावी आणि नोंदवहीचा पान क्रमांक देयकावर लिहावा.

आता प्रदान. केंद्र पुरस्कृत योजनांसाठी २०२१ पासून एकल नोडल खात्याची पद्धत आली. तिच्यात आरोग्य केंद्राच्या उपखात्यात पैसा साठून राहत नाही. तिथे खर्चाची मर्यादा दिसते आणि देयक मंजूर झाल्यावर रक्कम पुरवठादाराच्या खात्यात जाते. त्यासाठी पुरवठादाराची पीएफएमएस या सरकारी प्रदानांच्या ऑनलाइन प्रणालीवर नोंद असावी लागते. गावातल्या प्लंबरचे पॅन आणि बँक तपशील काम झाल्यावर मागण्याऐवजी आदेश देतानाच घ्यावेत. प्रणालीत एकाने देयक भरायचे आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करायचे असते; दोघांची लॉगिन एकाच माणसाच्या हाती असणे सोयीचे वाटते, पण त्यात जबाबदारी मात्र ज्याचे नाव आहे त्याचीच राहते. कंत्राटी कामाचे एक देयक ३०,००० रुपयांच्या पुढे किंवा एकाच पुरवठादाराची वर्षातील एकूण रक्कम १,००,००० रुपयांच्या पुढे जाणार असेल, तर उगमस्थानी आयकर कपातीबाबत (टीडीएस) तालुक्याच्या लेखापालाशी आधी बोलून घ्यावे. देयकावर ‘प्रदान केले’ असा शिक्का, प्रमाणक क्रमांक आणि तारीख घातली, रोकडवहीत त्याच दिवशी नोंद झाली, की नळाची फाईल पूर्ण होते.

हे सगळे एका नळासाठी जरा जास्तच वाटेल. प्रत्यक्षात सवय झाली की यातले बहुतेक कागद एका बैठकीत तयार होतात. नोंद मागाहून करायची ठरवली की मात्र तारखा, स्वाक्षऱ्या आणि आठवणी एकमेकींशी जुळेनाशा होतात.

सहावी पायरी : वर्षाची आखणी

आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होत असले तरी मर्यादा खात्यावर दिसायला वेळ लागतो. हा काळ यादी, अंदाजपत्रके आणि ठराव यांसाठी वापरावा. छप्पर, पन्हळी, गटारे, गळती आणि इन्व्हर्टरची बॅटरी ही कामे पावसाळ्यापूर्वी उरकावीत. पाऊस सुरू झाल्यावर गवंडीही मिळत नाही आणि पत्रेवालाही. पावसाळ्यात जंतुनाशके, साचलेल्या पाण्याचा निचरा आणि तातडीची वाहतूक यांवरचा खर्च वाढतो. ऑक्टोबरमध्ये अर्ध्या वर्षाचा आढावा घ्यावा आणि निम्म्याहून कमी खर्च झाला असेल तर त्याचे कारण बैठकीत मांडावे. डिसेंबरअखेर बहुतेक नियोजित कामे संपलेली असावीत.

वर सांगितलेल्या शून्य शिल्लक उपखात्यांच्या पद्धतीत न वापरलेली मर्यादा वर्षअखेरीस परत जाते, हे ध्यानात ठेवले की मार्चचा मोह का होतो ते कळते. मार्चमध्ये अनेक केंद्रांत अचानक लोखंडी कपाटे आणि फिरत्या खुर्च्या अवतरतात. त्यांतील काही लागतही असतील, पण त्याच केंद्रात महिलांच्या शौचालयाला पाणी नसेल तर समितीने त्या कपाटांकडे बोट दाखवलेच पाहिजे.

सातवी पायरी : हिशेब लोकांना दिसेल असा ठेवा

दरमहा खर्चाचे विवरणपत्र तालुक्याला पाठवणे, बँक ताळमेळ घेणे आणि वर्षअखेरीस उपयोगिता प्रमाणपत्र देणे ही कार्यालयीन कामे आहेत. ती वेळेत करावीत, यापलीकडे त्यांबद्दल सांगण्यासारखे फार नाही. सनदी लेखापालांकडून होणाऱ्या लेखापरीक्षणात आक्षेप आला तर उत्तर मुदतीत आणि कागदासह द्यावे. ‘यापुढे काळजी घेतली जाईल’ एवढ्या उत्तराने आक्षेप मिटत नाही.

लोकांसमोरचा हिशेब मात्र बहुतेक ठिकाणी राहून जातो. केंद्राच्या दर्शनी भागात एक फलक लावावा आणि त्यावर यंदा मिळालेली मर्यादा, आजवरचा खर्च आणि खर्चाच्या मुख्य बाबी मराठीत, ठळक अक्षरांत, दर महिन्याला लिहाव्यात. माहितीच्या अधिकाराच्या २००५च्या कायद्यातील कलम ४ स्वतःहून माहिती प्रसिद्ध करण्याचे बंधन घालते. फलक लावला की अर्जही कमी येतात, हा त्याचा व्यावहारिक फायदा. महाराष्ट्रात २००७ पासून पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि तेव्हाचा उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली आणि तिच्या जनसुनवायांत केंद्राचा कारभार गावकऱ्यांसमोर मांडला जाऊ लागला. तुमच्या भागात अशी प्रक्रिया नसली तरी ग्रामसभेत वर्षातून एकदा हा हिशेब वाचून दाखवायला कोणाची हरकत नसते. प्रश्न विचारले जातील. बहुतेक प्रश्न पैशांपेक्षा रात्री डॉक्टर केंद्रात असतात का, यावर येतील. त्याचेही उत्तर तयार ठेवावे.

आठवी पायरी : बदली झाल्यावर

कार्यभार देताना औषधसाठा आणि वाहनाची किल्ली यांची यादी सगळेच करतात. या निधीची यादी स्वतंत्र करावी. तिच्यात रोकडवहीची अखेरची शिल्लक व त्या दिवसाचे बँक विवरण, प्रलंबित देयके, दिलेले पण पूर्ण न झालेले पुरवठा आदेश, कार्योत्तर मान्यता बाकी असलेले खर्च, लेखापरीक्षणाचे उघडे आक्षेप आणि यादीतील न झालेली कामे हे सर्व यावे. ठराव-वही, नोंदवह्या आणि प्रमाणकांच्या फाईली पानांच्या संख्येसह सोपवाव्यात. प्रणालीवरील लॉगिन आणि डिजिटल स्वाक्षरी नव्या अधिकाऱ्याच्या नावे करण्याचे पत्र कार्यमुक्त होण्यापूर्वी तालुक्याला द्यावे, आणि बँकेतील स्वाक्षरी बदलण्याचा ठराव शेवटच्या बैठकीतच करून घ्यावा, म्हणजे नव्या अधिकाऱ्याला पहिल्या दिवसापासून खर्च करता येईल.